डी.एल.एड. की बी.ए.-बी.एड.? पहिली-दुसरीला शिकवायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी कला शाखेतून झाली आहे, पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचं आहे, म्हणून डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका, आपण अजून डी.एड.च म्हणतो) करायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात "डी.एड.ला आता कोण विचारतं? आधी पदवी घे, मग बी.एड. कर." बारावीच आहेस म्हणून 'तू' म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी वीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर.

घरच्यांचा सल्ला काळजीपोटीच आहे, पण तुझ्या बाबतीत तो चुकीचा ठरेल. 2018 साली बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी वाट मोकळी झाली होती. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि बी.एड.मध्ये ते शिकवलं जात नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. म्हणजे पहिली-दुसरीच हवी असेल, तर बी.ए.-बी.एड.ची पाच वर्षं घालवून तू त्या वर्गाच्या दाराबाहेरच राहशील. डी.एल.एड. दोन वर्षांचं आहे. पदवी सोडू नकोस. सहावी ते आठवीसाठी ती लागतेच. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं.

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आता आहे, पदवी आणि बी.एड. एकत्र. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोख त्याच दिशेने आहे. मात्र प्रवेशाआधी त्यातून नेमक्या कुठल्या इयत्तांसाठी पात्र होशील ते लेखी विचारून घे.

नोकरीचं सरळ सांगते. डी.एल.एड.नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, 150 गुणांची. खुल्या प्रवर्गाला 90 लागतात. मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून) निवड. ही चाचणी 2017 मध्ये झाली, नंतर थेट 2023 ला, मग 2025 ला. मधल्या वर्षांत चांगली मुलं वाट पाहून थकली, काहींचं वय गेलं. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 16 हजार मानधन. घर त्यावर चालणार असेल, तर हे आकडे आजच घरी मांडून बोल.

आता मला खरं सांगायचं आहे ते. डी.एड. म्हणजे टीईटीच्या फॉर्मला जोडायचा कागद, असं समजून मुली येतात आणि इंटर्नशिप, म्हणजे शाळेत जाऊन करायचा शिकवण्याचा सराव, उरकून टाकतात. सगळा अभ्यासक्रम त्या इंटर्नशिपमध्येच असतो गं.

मी डी.एड.ला असताना माझा दुसरीवरचा सराव पाठ होता, हातच्याची वजाबाकी. पाठटाचण सुबक, तक्ता रंगीत. फळ्यावर 43 वजा 18 दिलं. एका मुलाने पाटीवर 35 लिहिलं. मी पुसून बरोबर उत्तर लिहायला निघाले, तेवढ्यात वर्गाच्या बाई मागून म्हणाल्या, "पुसू नका. कसं केलं ते विचारा." तो म्हणाला, "तिनातून आठ जात नाहीत. म्हणून आठातून तीन काढले." त्याने चूक केली नव्हती, अडचणीतून वाट काढली होती.

बाईंनी खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून, तीन सुट्या. "यातल्या अठरा मला दे." एक गठ्ठा त्याने पटकन दिला. मग सुट्या तीन दिल्या आणि थांबला. अजून पाच हव्या होत्या. दुसरा गठ्ठा हातात घेऊन बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग हळूच, "बाई, रबर काढू का?"

त्या दिवशी मला दशक सोडवणं म्हणजे काय ते कळलं, त्याच्याबरोबरच. बारावीपर्यंत मी वजाबाकी नुसती करत आले होते.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार: इंटर्नशिपला कुठल्या शाळेत जाता, सलग किती आठवडे, पाठ बघायला कोण येतं, पाठानंतर बसून बोलतात का? काही ठिकाणी हजेरी कागदावर लागते आणि पाठाच्या वह्या एकमेकींच्या बघून उतरवल्या जातात. माझ्या शाळेत अशी एक छात्राध्यापिका आली होती. हुशार होती, पण वर्गात उभं राहिल्यावर तिचे हात थरथरत होते. तिचा नाही, तिला घडवणाऱ्यांचा दोष. मला अजून त्याचा राग येतो.

आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कॉलेजात एका वेळी एका इयत्तेचा पाठ घेतात. पण साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच वेळी तुझ्यासमोर. इंटर्नशिपसाठी द्विशिक्षकी शाळा मागून घे. पहिलीला काड्या मोजायला बसवून दुसरीला वाचन कसं द्यायचं, हे तिथल्या बाईंकडूनच शिकता येतं.

फॉर्म भरायच्या आधी गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवडाभर पहिलीच्या वर्गात मागे बस. शिकवू नकोस, नुसती बघ. कोण पाटीवर काय लिहितं आणि का लिहितं, ते वहीत टिपून ठेव. मग इथे येऊन लिही, मी वाचेन.