नवीन सायकल घेतलीस, आता रस्त्यावर जागा कशी धरायची?

भावा, गाडीवाले हॉर्न मारून कडेला ढकलतात, ही तुझी तक्रार खरी आहे. पण नवखा माणूस घाबरून अगदी कडेला चिकटतो आणि तिथंच फसतो. कडेला खडी, चेंबरची झाकणं, शिवाय उभ्या गाड्यांचे अचानक उघडणारे दरवाजे. आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीत हे रोजचंच. कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत चालव. तू नागमोडी गेलास की मागच्याला तुझा अंदाज येत नाही, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- वळायच्या आधी मागं बघ, मग हात दाखव. नुसता हात पुरत नाही.
- केएमटीच्या (शहर बसच्या) डाव्या बाजूनं आत घुसू नकोस.
- उलट्या दिशेनं कधीच नाही, दहा पावलंही नाही.
- अंधारात मागं लाल दिवा हवाच.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरपासून लांब राहा. दोन ट्रॉल्या असतील तर वळताना मागची आत कापत येते आणि चालकाला तू दिसत नाहीस. थांब, त्याला जाऊ दे.

कुणी शिवी दिली तर उत्तर देऊ नकोस, चालत्या रस्त्यावर तर नाहीच. वाट देणाऱ्याला मात्र हात कर.

पन्हाळ्याचा घाट सध्या राहू दे. पहिला महिनाभर पहाटे रंकाळा आणि विद्यापीठाचा परिसर कर, मग दसरा चौकातल्या गर्दीत उतर. काही अडलं तर बिनधास्त विचार.