जुनं वॉलेट, वहीतली की आणि तुमचे प्रश्न

सातपूरहून: भाऊ आता नाही, वहिनींनी त्याची वही दिली, त्यात २०१४ ची बिटकॉइनची प्रायव्हेट की (पैसे खर्च करायचा गुप्त कोड) हाताने लिहिलेली आहे, ५ ने सुरू होते. वॉलेटमध्ये (बिटकॉइन सांभाळायच्या अ‍ॅपमध्ये) टाकली की इनव्हॅलिड येतं. पैसे गेले का?

इनव्हॅलिड आलं म्हणून पैसे गेले असं होत नाही, बहुतेक अक्षर वाचण्यात चूक होतेय. आधी मोजा, ५ ने सुरू होणारी की ५१ अक्षरांची असते (के किंवा एल ने सुरू झाली तर ५२). दुसरं म्हणजे या की मध्ये शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल कधीच येत नाही, त्यामुळे जी उभी रेघ तुम्ही आय म्हणून टाकताय तो १ आहे. मग त्याच वहीची बाकीची पानं उघडा, भाऊ ९ कसा काढायचा, स्मॉल जी कसा काढायचा, शेजारी ठेवून एकेक अक्षर लावा. बिनधास्त परत परत ट्राय करा, की मध्येच तपासणीचा भाग असतो म्हणून चुकीची की वॉलेट घेतच नाही. फक्त हे सगळं इंटरनेट बंद करून, आणि "की चेक करा" वाल्या वेबसाइटवर तर अजिबात नाही.

की बरोबर लागली की ऑनलाइन येऊन इलेक्ट्रम नावाच्या वॉलेटमध्ये ती स्वीप करा, इम्पोर्ट नको. इम्पोर्टमध्ये पैसे जुन्याच की वर राहतात आणि ही वही किती जणांनी चाळली असेल कोणास ठाऊक, स्वीपमध्ये ते नव्या पत्त्यावर येतात. नव्या वॉलेटचे १२ शब्द (ज्यांवरून ते वॉलेट परत उघडता येतं) कागदावर लिहून वहिनींकडेच द्या, पैसा त्यांचा आहे.

सिडकोतून: जुन्या लॅपटॉपमध्ये वॉलेट डॉट डॅट (बिटकॉइन कोअर या वॉलेटची फाइल) सापडली, पासवर्ड अर्धाच आठवतोय.

लॅपटॉप फॉरमॅट करू नका, भंगारात देऊ नका, आधी फाइल दोन पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि पुढचं सगळं कॉपीवरच. बिटकॉइन कोअरच्या ३० च्या आधीच्या व्हर्जनमध्ये फाइल उघडा, तिथे पत्ते पासवर्डशिवाय दिसतात, ते एक्सप्लोररवर (पत्त्यावरची शिल्लक दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाकून शिल्लक तरी आहे का बघा. असेल तर आठवतील ते तुकडे लिहा, बीटीसीरिकव्हर नावाचं फुकट टूल त्यांच्या जोड्या लावून बघतं.

पंचवटीतून: टेलिग्रामवर एकजण रिकव्हरीसाठी १२ शब्द मागतोय, देऊ?

नाही, कुणालाच नाही! ज्याच्याकडे शब्द, त्याचा पैसा. दिले असतील तर आत्ता, हे वाचायचं थांबवून, सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा.