हिवाळ्यात बाईकचा इन्शुरन्स बंद करू का?

प्रश्न: नेदरलँड्समध्ये राहतो, थंडीत ४ महिने बाईक गॅरेजमध्येच असते. उगाच हप्ते का भरायचे?

उत्तर: नुसता इन्शुरन्स बंद करू नका हं! गाडी तुमच्या नावावर आहे तोवर थर्ड पार्टी लागतोच, मग ती धूळ खात का पडलेली असेना, आणि आरडीडब्ल्यूवाले (तिकडची गाड्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर ताडून बघतात न् दंडाचं पत्र थेट घरी येतं. आधी त्यांच्याकडे रजिस्ट्रेशन सस्पेंड करा, तिकडे 'स्खोर्सन' म्हणतात त्याला, मग रोड टॅक्सपण थांबतो. फक्त तेवढे दिवस बाईक रस्त्यावर नुसती उभीसुद्धा करायची नाही. चोरीचं कव्हर मात्र मी तरी ठेवेन, चोराला कसला आलाय हिवाळा! कंपनी बऱ्याचदा एआरटी मार्कचंच (म्हणजे तपासून मान्यता दिलेलं) लॉक मागते, त्याची पावती जपा.