तोच कायदा, परत परत

अगं, तुझा मेसेज वाचला. महिना झाला तरी तबल्यावर तोच ‘धा धा तिट धा धा तूं ना’ कायदा, म्हणजे बोलांची तीच बांधलेली रचना, चाललाय, बाकीची मुलं रेले, म्हणजे जलद बोलांच्या रचना, वाजवायला लागली आणि मला कंटाळा येतो म्हणतेस. येणारच. पण ‘सर, पुढचं द्या’ म्हणायच्या आधी माझं एवढं ऐक.

कायदा तुला पाठ झालाय, हातात अजून बसलेला नाही. ‘तिट’च बघ. मधलं बोट शाईवर, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलावर, पडतं आणि लगेच तर्जनी, दोन्ही आवाज सारखे यायला हवेत, तुझी तर्जनी अजून हलकी पडते आणि लय जरा वाढली की तो ट गायबच होतो. नवव्या मात्रेला ‘खाली’ आली, म्हणजे तालाचा बिनघुमाऱ्याचा भाग आला, ‘ता ता तिट’ सुरू झालं की डाव्या हाताचा डग्गा गप्प बसला पाहिजे, तुझा डावा हात सवयीने घुमतोच. म्हणून लेहरा, म्हणजे तालाला धरून सतत फिरणारी धून, लावून ठाय म्हणजे संथ लयीत बस, आधी बोलांची तोंडाने पढंत कर मग हातावर घे, आणि प्रत्येक आवर्तन कान देऊन ऐक, कारण हात चूकसुद्धा तितकीच पक्की करतो आणि नंतर ती काढताना जीव जातो. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गडबडलं की सरळ परत ठायला ये, त्यात कमीपणा काही नाही.

आणि प्लीज, आठवडाभर काही नाही आणि रविवारी चार तास, असं नको. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून करून १८८५ मध्येच दाखवलंय की एका बैठकीत घोकण्यापेक्षा तेच दोनतीन दिवसांत वाटून केलं तर कमी वेळा घोकून भागतं. तू रोज अर्धा तास दे, कॉलेजला निघायच्या आधी, ठरलेल्या वेळी.

ही रोज बसायची सवय तबल्यापुरती राहत नाही गं. अभ्यास, वेळेवर झोपणं, घरच्यांशी नीट बोलणं, हे पण मूडवर सोडलं की राहूनच जातं. किती तरी पोरं बघितली मी, हात जन्मतःच गोड, पण मूड लागला तरच बसायची, आज तबला गवसणीत पडून आहे, फार वाईट वाटतं. तुझं तसं व्हायला नको.

तेव्हा शनिवारपर्यंत फक्त मुख, म्हणजे कायद्याची मूळ ओळ; पलटे, म्हणजे तिचे फेरफार, नाहीत. रोज एक रेकॉर्डिंग पाठव, मी ऐकतो. तिट दोन्ही बोटांनी सारखा वाजला की पहिला पलटा लगेच देतो.