शेवंडीला कोळंबीचं तयार खाद्य चालतं का? स्वतः बनवायचं तर प्रथिनं किती ठेवावीत?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कोळंबीचं गोळीखाद्य शेवंडीला, म्हणजे नांगी नसलेल्या काटेरी लॉबस्टरला, चालेल का, आणि स्वतःचं खाद्य करायचं झालं तर प्रथिनं किती टक्के ठेवायची. काही वर्षं मी हेच काम केलंय. दिवसा खाद्य मळायचं, तिन्हीसांजेला टाकीत टाकायचं आणि सकाळी तळाशी उरलेलं सायफनने ओढून, वाळवून तोलायचं. त्यामुळे पहिल्याचं उत्तर लगेच देतो. शेवंड ते खाईल, मरणारही नाही लगेच, पण त्यावर अंगाने भरणार नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, कारण टक्केवारी हा यातला सोपा भाग आहे. गोळी तिच्या पोटात जाणं अवघड.

टक्केवारी आधी उरकू. पॅन्युलिरस ऑर्नेटस या उष्ण समुद्रातल्या शेवंडीच्या पिल्लांवर ऑस्ट्रेलियात २००० नंतर बरंच काम झालं. चरबी १० टक्के असेल तर कोरड्या वजनावर ५३ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, असं त्यातून दिसलं. कोळंबीच्या खाद्यात ती साधारण ३५ ते ४० असतात, म्हणजे तिथेच फरक पडला. माशांच्या खाद्यात चरबी वाढवून प्रथिनं वाचवण्याची युक्ती असते, तिच्यावर इथे भिस्त ठेवू नका. कोलेस्टेरॉल बाहेरून द्यावंच लागतं, कारण कवचवाल्या प्राण्यांना ते शरीरात तयार करता येत नाही आणि कात टाकायला लावणारं हार्मोन त्याच्यापासूनच बनतं. अस्टाझँथिन हे लालसर रंगद्रव्य विसरलात तर वाढ कदाचित ठीक दिसेल, पण शेवंड फिकी पडते आणि फिक्या शेवंडीला गिऱ्हाईक नाक मुरडतं.

लेसिथिन या चरबीसारख्या घटकाची गोष्ट जरा सांगण्यासारखी आहे. नांगीवाल्या अमेरिकन लॉबस्टरवर १९८० च्या सुमारास शुद्ध घटकांचं, केसिन या दुधातल्या प्रथिनावर आधारलेलं खाद्य तयार करत होते. पिल्लं खायची, वाढायची आणि ऐन कात टाकताना मरायची. त्यात सोयाचं लेसिथिन घातल्यावर हे मरण थांबलं. मी असं मेलेलं पिल्लू हातात घेतलंय. पाठीचं कवच उघडलेलं, शेपटी सुटलेली, पाय मात्र जुन्या कवचात अडकलेले, अंगातला सदरा डोक्यावरून काढताना कोपरात अडकावा तसे. म्हणून टाकीत मेलेलं पिल्लू नुसतं 'मेलं' असं वहीत लिहू नका. कात टाकण्याआधी, टाकताना की टाकल्यावर मेलं ते लिहा.

आता अवघड भाग. शेवंड गोळी मटकन गिळत नाही. तोंडापुढच्या पायांनी धरते, जबड्याने बाहेरच्या बाहेर कुरतडते आणि त्यातला बराच चुरा पाण्यात जातो. गोल गोळी तिच्या पकडीतून निसटते, म्हणून आम्ही शेवयांसारखं बारीक, लांबट खाद्य काढायचो, एका टोकाने धरून दुसऱ्या टोकाने खाता येईल असं. फार कडक केलं तर ती सोडून देते. फार मऊ केलं तर अर्धं खाद्य पाण्याला आणि अर्धं तिला.

त्याहून मोठी पंचाईत वासाची. शेवंड अन्न शोधते ती डोळ्यांपेक्षा वासाने. खाद्य पाण्यात पडलं की तिच्या मोठ्या मिशांच्या मधल्या दोन बारीक मिशा फटाफट हलायला लागतात. त्या हलल्या नाहीत तर तुमचं सूत्र कितीही उत्तम असो, व्यर्थ. हा वास म्हणजे पाण्यात विरघळणारे बारीक रेणू: ग्लायसिन, टॉरिन, बीटेन वगैरे. क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव), माकूल आणि शिंपल्यांच्या मांसात ते भरपूर असतात. पण जे विरघळतं तेच वास देतं आणि तेच वाहून जातं. तास-दोन तासांत गोळीचा दरवळ ओसरतो. शेवंड रात्रीची खाणारी आणि सावकाश खाणारी, त्यामुळे ती बिळातून निघून येईपर्यंत गोळी बेचव झालेली असते.

बाइंडर, म्हणजे खाद्य बांधून धरणारा घटक, वाढवला तर गोळी रात्रभर टिकते, पण वासही आत कोंडला जातो. यावर एकच एक तोड मला सापडली नाही. गव्हाच्या ग्लूटेनवर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो, कारण ते स्वतः प्रथिन आहे आणि वाफेवर चांगलं धरतं. समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटला कॅल्शियमची जोड दिली तर ओलसर गोळी छान बनते. जिलेटिन मात्र उबदार पाण्यात मऊ पडतं. आमची एक अख्खी खेप त्यात गेली, सकाळी टाकीत पेजेसारखं पाणी होतं.

पोटाचाही विचार करा. शेवंडीचं जठर लहान असतं आणि कोरडी गोळी आत गेली की पाणी पिऊन फुगते. पोट भरल्यासारखं होतं, प्रत्यक्षात पोषण थोडंच गेलेलं असतं, आणि पुन्हा भूक लागायला वेळ लागतो. म्हणून एकदम ओंजळभर टाकण्यापेक्षा थोडं थोडं, दोन-तीन वेळा द्या. मोठा वाटा अंधार पडताना.

मग ओली मासळीच का नको, असं कुणीही विचारेल. व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकापासून समुद्रातल्या पिंजऱ्यांत शेवंडी वाढवतात त्या मुख्यतः ओली मासळी, खेकडे आणि शिंपले घालूनच. किलोभर वाढीसाठी २० किलोंहून जास्त ओलं खाद्य गेल्याच्या नोंदी आहेत. हा आकडा ऐकून लोक हबकतात, पण मासळीत ७५ ते ८० टक्के पाणी असतं. म्हणजे २० किलोंत कोरडा ऐवज ४ ते ५ किलो. गोळीशी तुलना या ४-५ किलोंची करा, २० ची नव्हे. तरीही ते फारच आहे, कारण काटे, कवचं आणि न खाल्लेले तुकडे पिंजऱ्याखाली कुजत पडतात. शिवाय मासळी रोज ताजी मिळायला हवी, आणि तिच्याबरोबर कोणता रोग येईल याचा नेम नसतो.

चाचणी लावणार असाल तर माझी फजिती ऐकून ठेवा. चार खाद्यं, प्रत्येकी तीन टाक्या, बारा आठवडे. एका खाद्याने वाढीत बाकीच्यांना मागे टाकलं आणि आम्ही खूश झालो. मृत्यूंची वही उघडल्यावर कळलं की त्याच टाक्यांमध्ये सगळ्यात जास्त शेवंडी गायब होत्या. ताजी कात टाकलेली, मऊ अंगाची शेवंड बाकीच्यांनी रातोरात फस्त केली होती. उरलेल्या जाडजूड झाल्या त्या शेजारणींच्या मांसावर, आमच्या सूत्रावर नव्हे. उलट, ते खाद्य पुरत नव्हतं म्हणूनच त्या एकमेकींवर तुटून पडल्या असाव्यात. तेव्हापासून सरासरी वजनाआधी मी जगलेल्यांचा आकडा बघतो, आणि टाकीतल्या सगळ्यांचं मिळून वजन किती वाढलं ते. लपायला जाळीचे तुकडे, पाइप वगैरे भरपूर ठेवा. चार आठवड्यांत निकाल काढू नका, कारण शेवंडीचं अंग कात टाकतानाच झेप घेतं आणि मधल्या काळात आकडे हलत नाहीत.

आणखी एक टाकी नुसत्या ताज्या शिंपल्यांच्या मांसावर ठेवा. दोन गोळ्यांत एक दुसरीपेक्षा सरस ठरवणं सोपं असतं, पण शिंपल्यांशी गाठ घातली की बहुतेक गोळ्या हरतात, निदान माझ्या तरी हरल्या. किती अंतराने हरल्या तेच मोजायचं.

पहिल्याच आठवड्यात मोठा खर्च करू नका. बादलीत समुद्राचं पाणी घ्या, हवा सोडा, दहा ग्रॅम खाद्य टाका. एक, तीन आणि बारा तासांनी काढून, वाळवून तोला. सोबत तेवढंच खाद्य शेवंडीच्या टाकीतही टाका. बादलीतली घट टाकीतल्या घटीतून वजा केली की शेवंडीने खाल्लेलं आणि उडवलेला चुरा मिळून आकडा हाती येतो. तळाचा चुरा बारीक जाळीतून गाळून वेगळा तोला, नाहीतर तो तिने खाल्ला असंच धरून बसाल.

हे सगळं पिल्लं तळाला बसून चालायला लागल्यानंतरचं. त्याआधीची प्युरुलस अवस्था काही खातच नाही, अंगातल्या चरबीवर काढते. आणि त्याच्याही आधीच्या, काचेच्या चकतीसारख्या फायलोसोमा अळीला महिनोन्‌महिने आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले चिमुकले जीव) आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे भरवावे लागतात. तिथे गोळी चालवण्याची खटपट हा निराळाच धंदा आहे. तुमचा रोख तिकडे असेल तर वेगळा प्रश्न टाका.