ओट्याला कडप्पा की ग्रॅनाइट?

प्रश्न : इंदिरानगरात घराचं काम चालू आहे. ओट्याला काळा कडप्पा स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? मागच्या अंगणात पॉलिशचा कोटा चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ओट्याखालच्या मांडणीला कडप्पा खुशाल वापरा, वर मात्र नको. तो मुळात चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच किंवा ताक सांडलं की तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो आणि पुसून जात नाही. खात्री हवी तर दुकानातून तुकडा आणा, लिंबाचे चार थेंब टाकून १० मिनिटं ठेवा.

ग्रॅनाइट १८-२० मिमी जाडीचा घ्या. फिका दगड रंग लावून काळा करून विकला जातो, म्हणून पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून घासून बघा. फडकं काळं झालं तर दुकान बदला. दगड तडकतो तो बहुधा सिंकपाशी: पुढची पट्टी अरुंद आणि कोपरे काटकोनात कापलेले. कोपरे गोल ठेवायला सांगा, पट्टीखाली आधार द्या. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला बारीक खाचही मारून घ्या, नाहीतर ओघळ थेट ड्रॉवरमध्ये.

अंगणात पॉलिशचा कोटा? पावसाळ्यात शेवाळ धरलं की घसरगुंडीच. तिथे खरबरीत शहाबादी घाला, मीटरला किमान १ सेंमी ढाळ द्या. काळारामाच्या देवळाचा असतो तसा आपला काळा पाषाणही उत्तम, फक्त जाळीदार तुकडे बाजूला काढा; छिद्रांत पाणी आणि माती साठते.