अंडं घालतो, दूधही पाजतो

प्रश्न : त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर सापडलेला साळिंदराचा काटा आमच्या घरी आहे. परवा मोबाइलवर तसाच काटेरी प्राणी अंडं घालतो असं पाहिलं. साळिंदर अंडी घालतं का? आणि अंडी घालणारा प्राणी सस्तन कसा? जुलैअखेर मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जातो आहे, तिथे तो रानात दिसेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : साळिंदर अंडी घालत नाही. ते उंदीर-घुशींसारखं कुरतडणारं जनावर, पिल्लंच देतं. तुम्ही पाहिलात तो एकिडना, म्हणजे काटेरी मुंगीखाऊ. त्याला दातच नसतात. लांब चिकट जिभेनं मुंग्या-वाळवी टिपतो. राहतो फक्त ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनीत. काटे दोघांचेही मूळचे केसच, पण साम्य तेवढंच.

'सस्तन' या नावानं घोटाळा होतो खरा, कारण एकिडनाच्या मादीला स्तनाग्रं नसतात. संगमानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती एकच अंडं थेट पोटावरच्या पिशवीत घालते. आकार आपल्या द्राक्षाच्या लहान मण्याएवढा, कवच चामड्यासारखं चिवट. सुमारे १० दिवसांत पिल्लू बाहेर येतं, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पिशवीत दोन ठिकाणी कातडीतून दूध पाझरतं, ते पिल्लू चोखतं; पिल्लाला असं दूध पाजतो म्हणूनच तो सस्तन. दीड-दोन महिन्यांनी काटे फुटू लागले की पिशवीत त्याला कोण ठेवणार? आई बिळात ठेवते, बिळाचं तोंड मातीनं बुजवते आणि पाच-सहा दिवसांतून एकदा पाजायला येते.

जुलै-ऑगस्ट हा त्यांचा विणीचा हंगाम, तेव्हा तुमची वेळ चांगली आहे. एका मादीमागे नरांची रांगही दिसू शकते. थंडीत तो दिवसा फिरतो, कडक उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री. उकरलेली वारुळं, कुजकी ओंडकी पाहत चला. दिसला की आहात तिथेच उभे राहा. चाहूल थांबली की काही मिनिटांत तो पुन्हा चालू लागतो. उचलायला गेलात तर जागच्या जागी माती उकरून खाली रुततो, वर राहतात फक्त काटे.

रस्त्यात धडधाकट दिसला तर 'वाट चुकला' समजून गाडीत घालू नका. ती मादी असेल, तर बिळातलं पिल्लू उपाशी मरेल. जखमी असेल तर नेमकी जागा टिपून ठेवा आणि तिथल्या वन्यजीव बचाव पथकाला कळवा; बरा झाल्यावर त्याला त्याच जागी सोडावं लागतं.